'टेक' आणि संध्याकाळचं ताट

३ नोव्हेंबर
कंबर धरली आहे. तरी दुपारी सूनबाईला, स्नेहलला, शिकवायला बसलो. चिकोडीच्या एका दवाखान्यात फोनवर बोलायची नोकरी निघाली आहे. गुरुवारी मुलाखत, इंग्रजीतून. आजचं क्रियापद 'टेक'. औषध घेतलं तर टेक, वेळ लागला तर टेक, फोटो काढला तर टेक, बसनं चिकोडीला नेलं तरी टेकच.
"आप्पा, एवढं सगळं एकानंच करायचं व्हय?"
म्हटलं, मराठीत प्रत्येक कामाला वेगळा गडी. इंग्रजीत हे एकटंच राबतंय, घरातल्या सुनेसारखं. ती हसली. मला मात्र उगाच बोललो असं वाटलं. सारी नोकरी हेच शिकवण्यात गेली, निवृत्त झालो तरी सुटका नाही.

४ नोव्हेंबर
सौ.नं आज तोंड उघडलं. "सुटायचं साताला. मग ही जेवनार कवा? आपल्या जैनांत दिवस मावळल्यावर कोन घास तोंडात घालतंय?"
स्नेहल भाकरी थापत राहिली. चिरंजीव अभय मोबाइलमधून मान वर न करता, "आई म्हनती ते बी खरं हाय."
मी "बघू" म्हणालो. या घरात माझं हे एकच वाक्य. कंटाळा आलाय त्याचाही.

६ नोव्हेंबर
मुलाखत झाली, निवड झाली! सोमवारपासून ये म्हणाले. डॉक्टर आत्ता फोन घेऊ शकत नाहीत, हे तिनं न अडखळता सांगितलं म्हणे. पण येताना बस चुकली.
उन्हं कलली तशी सौ. दारात. "पोरगी येऊ दे, मग बसतो मी." दिवस मावळला. ताटं तशीच झाकली. स्नेहल आली ती दिवे लागल्यावर. दोघीही उपाशी निजल्या. मी नेहमीप्रमाणे आधीच जेवून ढेकर देऊन बसलेला. लाज वाटली.

८ नोव्हेंबर
शेवटी बोललो. तिला संध्याकाळचा डबा देऊ, उजेडात तिथंच जेवेल. नियमही राहील, नोकरीही.
सौ. म्हणाली, "ती तिकडं जेवली तर मी हिकडं कुनासंगं जेवू? तुमी तर आदी जेवून उठता. अभयचा तर पत्ताच नसतो."
लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे कधी सुचलंच नव्हतं.

१० नोव्हेंबर
सकाळी ओट्यावर डबा भरून ठेवलेला. कुणी भरला, कुणी विचारलं नाही. स्नेहल पाया पडून गेली.
संध्याकाळी सौ.च्या पाटाशेजारी माझा पाट मांडला.
"तुमाला आदी वाढतो की."
"नको. संगंच."
अवघडून बसलो दोघं. कंबर ओरडत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ते टेक टेक काय शिकवताय ओ तिला?"
"घेणं," म्हटलं. बाकीचे अर्थ सांगायचं त्राण नव्हतं.
"मग घ्या की," म्हणत तिनं अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली.
जेवून उठलो तेव्हा ऊन भिंतीवर थोडं उरलं होतं. स्नेहलनं तिकडं डबा उघडला असेल का? उद्या सौ. परत भरेल का? विचारलं नाही. ती दारात जाऊन उभी आहे. बस यायला अजून वेळ आहे.