छपरावरची ताडपत्री

अहो,

आईंना घेऊन समोरच्या वाचनालयात जाते आहे. तिथे गार असतं, आणि सकाळसारखी चक्कर त्यांना परत यायला नको.

आपल्या या फिरत्या घर-गाडीचा एसी बिघडलेलाच नाही. तुम्ही बाहेर पडल्यावर मी शिडी लावून छपरावर चढले. ओरडू नका, धडपणे उतरलेही. आईंच्या डोक्यावर ऊन नको म्हणून तुम्ही मोठ्या मायेने ताडपत्री बांधलीत, ती थेट एसीच्या खोक्यावरून! त्याची गरम हवा जाणार कुठे? बिचारा तीच हवा पुन्हा ओढत होता आणि दर दहा मिनिटांनी मान टाकत होता. आणि आपण चार दिवस एकमेकांवर खेकसतोय.

ताडपत्री सोडली आहे, आतली जाळीही धुतली आहे. मशीन निवायला बंद ठेवलंय, तीन वाजता लावा. पडदे ओढलेलेच राहू द्या आणि कृपा करून आत चहा उकळत बसू नका. आईंच्या उशाशी ठेवलेला तापमापक सत्तावीसवर आला की आम्हाला न्यायला या. नाही आला तरी या, मग सावलीतली जागा शोधू.

पण त्याआधी, पाचला गाडी बघायला येणाऱ्या त्या गिऱ्हाइकाला फोन करून नको म्हणा. ‘विकून टाका हा पत्र्याचा डबा,’ असं मी सकाळी म्हणाले खरी, पण आईंना तसं पडलेलं बघून घाबरले होते हो. एरवी माझं एक ऐकत नाही, नेमकं तेवढंच कसं ऐकलंत? मला याच घरात राहायचंय.