दोन खुणा एका रेषेत

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची बोटीवर! यांनी निवृत्तीनंतर बोट घेतली तेव्हाच मी बजावलं होतं, हौसेला मोल नसतं हे मान्य, पण मला त्यात ओढू नका. आणि आज मीच कौतुकाने डबे लावत बसलेय. स्वयंपाकघर कसलं, दीड पावलाची जागा! कांदा चिरताना कोपर भिंतीला लागतं. झोपायला समोरासमोर दोन फळ्या. बेत असा, की समुद्रातून नदीच्या मुखात शिरायचं, एखाद्या लहान गावासमोर नांगर टाकायचा, दुसऱ्या दिवशी पुढची नदी.

नांगर धरून आहे की घसरतोय, हे ओळखायची युक्ती यांनी शिकवली. काठावरची एक जवळची आणि एक लांबची वस्तू एकामागे एक, एका रेषेत धरायची. रेष मोडली की समजायचं, बोट सरकली. आज पहिल्या गावासमोर आम्ही पिवळं घर आणि त्याच्यामागची पाण्याची टाकी धरली. ज्या म्हाताऱ्या नावाड्याकडून बोट घेतली तो म्हणे सांगत होता, बाजूला दुसरी जोडीही धरा, एकीवर विसंबू नका. हे म्हणाले, म्हातारा उगाच काळजी करतो. चहा मात्र आज झकास झाला.

मंगळवार, ४ तारीख

दिवसभर समुद्रातून येऊन दुसरी नदी गाठली. गाव नवीन, पण समोर पुन्हा पिवळं घर, मागे टाकी. मी म्हटलं, रंगाचा डबा उरला असेल कोणाचा तरी, दिला पुढच्या गावाला. हे हसले. आयती खूण मिळाली म्हणून तीच धरली. घरासमोर पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर चार-पाच माणसं आमच्याकडे तोंड करून उभी होती. मी हात केला, एकानेही केला नाही. शिष्ट मेले.

बुधवार, ५ तारीख

काल घराची खिडकी नुसता ठिपका होती. आज सकाळी तिचे गज मोजता आले. सहा. मी यांना म्हटलं, आपण घसरलोय. हे म्हणाले, रेष बघ, जागच्या जागी आहे. आणि बोलता बोलताच थांबले. सरळ रेषेवरूनच काठाकडे गेलो तर रेष मोडेल कशी? दुसरी जोडी त्यासाठीच धरायची असते. तोंड एवढंसं झालं यांचं.

मग दोरीला बांधलेलं शिशाचं वजन सोडून पाणी मापलं. काल नांगर टाकताना तीन वाव, म्हणजे अठरा फूट, आजही तीन वाव. भरतीची वेळ धरूनही तेच. काठाकडे सरकलो असतो तर पाणी उथळ लागलं असतं. यांनी तीनदा मापलं. बोट तसूभर हललेली नाही.

मग हललं काय?

गुरुवार, ६ तारीख

पळालो, कालच. रात्रभर समुद्रात, सकाळी तिसरी नदी. वळण घेतलं आणि माझ्या हातून कप पडला. तेच घर, तीच टाकी, कालच्याहून जवळ. पायऱ्यांवर आता वीसेक माणसं. सगळी गप्प.

डिझेल तळाला गेलंय. घरी पोचायचं तर गावातून आणायलाच हवं. दहा वाजता हे लहान होडी घेऊन निघाले. म्हणाले, दुपारपर्यंत आलो नाही तर नांगर उचल आणि समुद्राकडे जा, बाहेर पडण्याइतकं डिझेल आहे, मोठ्या बोटी दिसतील. मी म्हटलं, जीभ आवरा, काहीतरी अभद्र बोलू नका. रागावूनच पाठवलं. असं पाठवायला नको होतं.

तीन वाजले.

शुक्रवार, ७ तारीख

होडी आली. रिकामी. वल्ही नीट आडवी ठेवलेली.

हे दिसतायत. घराच्या समोर, बरोब्बर रेषेत उभे. हाका मारून घसा बसला. ऐकू जातंय, मान हलते. पण येत नाहीत. नांगराचा दोर दोनदा धरला, दोनदा सोडला. उचलला की मी सुटते. एकटी. सत्तावीस वर्षांत या माणसाला मी एकट्याला साधं डॉक्टरकडे जाऊ दिलं नाही, आणि आता—

नाही जमणार.

शनिवार, सकाळ

पायऱ्या वीस हातांवर. पाणी तीन वाव.

हे खालच्या पायरीवर, ओठ हलतायत. माझं नाव— की नाही— नक्की कळत नाही.

शनिवार, अकरा

दहा हात. शर्ट भिजलेला. डोळे यांचेच आहेत हो, माझ्याकडे बघतायत, घाबरलेले. म्हणजे आहेत अजून. आत आहेत.

एक हात माझ्याकडे केलाय. दुसरा एका बाईने धरलाय. तिचा तिच्यामागच्या माणसाने. त्याचा आणखी कोणीतरी— ओळ पार घरातून मागे, टाकीपर्यंत—

शनिवार

पायरी बोटीला लागली. ठक्कन.

उतर म्हणतायत सगळे. एका आवाजात. हे म्हणत नाहीत. हे मान हलवतायत, नको, नको—

उतरत नाही मी. पण सोडूनही जात नाही. कंबरेला दोर बांधलाय, दुसरं टोक डोलकाठीला. यांनाच वर ओढते. ते शंभर असतील, मी एक आहे, पण माणूस माझा आहे.

अहो, घट्ट धरा. धरलंत? गार लागतोय हात. ओढते हं— दोर ताणलाय— डोलकाठी करकर— अहो, सोडू नका, मी नाही सोडत, मी—