लपाचोची जुनी साल

डेर्लिस,

ब्युनोस आयर्सची बस सहाची आहे, म्हणून तुला न उठवताच निघते. बाबांच्या गुडघ्यांसाठीचा लपाचोच्या झाडाच्या सालीचा काढा आजपासून तुझ्याकडे. साल रात्रभर भिजवायची आणि मातीच्या मडक्यात मंद आचेवर पाणी निम्मं होईपर्यंत उकळायची. तुझ्या गारेगार तेरेरे चहातला पुदिना नाही तो, बर्फाचं पाणी ओतलं की झालं! आणि तुझ्या सवयीनं भडका करशील, तर नुसता कडूपणा उतरेल.

नवी साल डब्यात आहे. पण मडक्यातले जुने तुकडे फेकू नकोस. आईनं सोललेली शेवटची साल आहे ती. आई गेल्यापासून तीन महिने बाबा तेच तुकडे उन्हात वाळवतात आणि परत मडक्यात टाकतात. आता त्यांतून रंगही उतरत नाही. बाबा परसात गेले की मी नवी साल खाली घालते, आईची वर ठेवते. तूही तसंच कर.

काल मी घाईत विसरले आणि नितळ पाणीच त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "बाबा, यात काही उरलं नाही हो."

त्यांनी पेला उजेडात धरला, घोटभर प्यायले आणि म्हणाले, "उतरतंय गं अजून. आज जरा हळू उतरतंय, एवढंच."

सुनिल्दा