सात पायऱ्यांबद्दलचा कबुलीजबाब आणि बाकीची मालमत्ता

मी, या इमारतीत आणि आजूबाजूच्या चार गल्ल्यांत गवंडीणबाई म्हणून ओळखली जाणारी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी बांधकाम आणि हल्ली तक्रारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहिते आहे. दबाव आणायचा प्रयत्न मुलाने केला होता, पण तो लहानपणापासून माझ्यासमोर अर्ध्या वाक्यात गळपटतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत पोचले, मधे त्या स्वतः एकदा चुकल्या. या दाखल्यासाठी मी एवढी का अडून बसले, ते कलम तीनमध्ये येईल.

शरीराची मोजदाद येणेप्रमाणे: दोन हात, दीड पाय, अकरा दात आणि एक जीभ. जीभ पूर्ण चालू स्थितीत आहे.

वकिलाने आधी एक मसुदा करून दिला होता. तो मला कळला नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीतसुद्धा निम्मा वेळ मी वर्गाबाहेर उभी असायचे. म्हणून त्यातले ‘सबब’, ‘तहहयात’ आणि ‘येणेप्रमाणे’ हे तीन शब्द आवडले ते ठेवले, बाकी सगळं माझं.

कलम एक. राहतं घर, तळमजला, दोन खोल्या, हे मुलाला. मात्र विकायच्या किंवा भाड्याने द्यायच्या आधी त्याने न्हाणीघराचं दार रुंद करायचं. हे दार दोन फुटी आहे. माझी चाकाची खुर्ची सव्वादोन फुटी आहे. सबब गेली तीन वर्षं मी खुर्ची दाराशी सोडते आणि आत बसून सरकत जाते. ही इमारत बांधताना ही दारं मी आणि माझ्या नवऱ्याने बसवली. तेव्हा आम्ही दोघंही सडपातळ होतो आणि आपण तहहयात तसेच राहणार, अशी आमची समजूत होती. बांधकामात चाळीस वर्षं घालवली, पण घरात म्हातारं माणूस राहील, आजारी राहील, चाकावर राहील, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. जणू सगळी घरं मी पंचविशीतल्या जोडप्यांसाठीच बांधली.

पितळेची भांडी आणि लोखंडी पेटी सुनेला. पेटीची किल्ली हरवली आहे. ती हरवली तेव्हा मी तिच्यावर आळ घेतला होता. किल्ली पेटीतच राहिली असावी, असं आता वाटतं.

कलम दोन. हत्यारं. माझी थापी, रंधा आणि पाणसळ मुलीच्या मुलीला, कारण लहानपणी तीच एकटी त्यांच्याशी खेळायची. ओळंबा मात्र सोसायटीच्या चेअरमनला द्यावा. सरळ काय असतं, ते घरात टांगून रोज बघता येईल.

कलम तीन. हे नीट वाचावं.

याच मजल्यावर, समोरच्या घरात शिंपीण राहते. वय पंचेचाळीस, दोन्ही पाय लहानपणापासून अधू, हात मात्र असे की कापडाला कात्री लावली की कापडसुद्धा तक्रार करत नाही. ती इथे राहायला आली त्याला एकोणीस वर्षं झाली. आमच्या इमारतीचं जोतं उंच आहे. तळमजल्यावरही सात पायऱ्या चढून यावं लागतं. त्या पायऱ्या माझ्या हातच्या आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी त्या दाखवायचे, एवढा मला त्यांचा माज होता.

आल्यावर पहिल्याच मिटिंगला शिंपिणीने विचारलं, "पायऱ्यांच्या अर्ध्या भागात रॅम्प करता येईल का? अर्धा खर्च मी देते."

मी उठून उभी राहिले. तेव्हा उठता येत होतं. म्हटलं, "दोन माणसं तुला उचलून नेतात-आणतात. राणीसारखी जातेस-येतेस. आणखी काय हवं?"

सगळे हसले. ती म्हणाली, "काकू, राणीला निदान कुठे जायचं ते ठरवता येत असेल. मी ती दोघं मोकळी असतील तेव्हा बाहेर जाते."

 उत्तर सुचलं नाही की मी खोटं बोलते. मी म्हटलं, "या पायऱ्या जोत्यात गुंतवलेल्या आहेत. फोडल्या तर जोतं हलेल, भिंतींना तडे जातील. मी बांधल्यात, मला विचारा." बांधणारीच म्हणते म्हटल्यावर कोण काय बोलणार? मिटिंगच्या वहीत तसं लिहिलं गेलं आणि विषय संपला.

शिंपीण तेव्हा गणवेश शिवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये कापड बेतायला होती. उचलणारे दोघं कधी वेळेवर आले, कधी नाही. आले तरी बस थांबेलच असं नाही. दीड वर्षात ती नोकरी गेली. तेव्हापासून ती घरी शिवते. मीही तिच्याकडून शिवून घेतलं आणि घासाघीस केली.

तीन वर्षांपूर्वी साखरेने माझा डावा पाय गुडघ्याखाली नेला. इस्पितळातून घरी आले त्या दिवशी दोन माणसांनी मला उचललं. एकाने बगलेत हात घातला, दुसऱ्याने मांडीखाली. कपडे वर गेले, ते खाली ओढायला माझा हात मोकळा नव्हता. गल्ली बघत होती. चौथ्या पायरीवर चेअरमन म्हणाला, "आजी, जरा वजन कमी करा." सोळा वर्षांत जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते सात पायऱ्यांत शिरलं. अक्कल यायला मला पाय घालवावा लागला. काहींना पाय घालवूनही येत नाही, एवढंच माझं समाधान.

महिनाभर मी शिंपिणीसमोर गेले नाही. मग तीच दारात आली, खुर्ची घेऊन. म्हणाली, "काकू, जोतं खरंच हलेल?"

म्हटलं, "नाही."

ती म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं. तुम्ही बोलताना माझ्याकडे बघत नव्हता." आणि माझ्या कापलेल्या पायाचं माप घेऊन गेली. त्या बाजूचे सगळे परकर तिने आखूड करून दिले.

तर आता, डॉक्टरांच्या दाखल्यासकट, शुद्धीत आणि शपथेवर लिहिते: मी खोटं बोलले होते. सातही पायऱ्या जोत्याला नुसत्या टेकवलेल्या आहेत. एकही दगड आत गुंतवलेला नाही. उद्या फोडल्या तर इमारत शिंकणारसुद्धा नाही.

हे मी मिटिंगमध्ये तोंडी चार वेळा सांगितलं. दर वेळी चेअरमन जुनी वही काढतो आणि वाचून दाखवतो. म्हणतो, "आजी, हे बोललात तेव्हा तुमचं डोकं ठिकाणावर होतं. आता वय झालंय." पाच हात वर जातात, पाच खाली राहतात, अकरावा त्याचा. जिवंतपणी आपल्याच शब्दाने आपल्याला हरवलं जाताना बघण्याचा मान फार थोड्यांना मिळतो. सबब हा दाखला, आणि सबब हे कलम.

वकील म्हणाला, "आजी, मृत्युपत्र मेल्यावर चालतं."

म्हटलं, "मला घाई नाही, पण शिंपिणीला आहे." वर्कशॉपवालीने तिला परत बोलावलं आहे. जागा जानेवारीपर्यंत धरून ठेवते म्हणाली, पण रोज आणि वेळेवर यायला हवं. म्हणून या कलमाची वेगळी नक्कल काढून ती नोटीस बोर्डावर आजच लावायची आहे. येत्या रविवारी मिटिंग आहे.

कलम चार. अंगणाचा डावा कोपरा. हा कोपरा घराच्या कागदात माझ्या नावावर आहे आणि त्यात चेअरमन आपली गाडी लावतो. मुलाने परस्पर त्याला शब्द दिला होता की आई गेल्यावर कोपऱ्यासकट घर तुम्हालाच. पण रॅम्प इथूनच वळवावा लागेल, आणि ते का, हे मी स्वतःच्या हाताने सिद्ध केलं आहे.

गेल्या वर्षी मी हट्टाने एक कच्चा रॅम्प करवून घेतला. माप माझं. आम्ही गवंडी लोक हातगाडीतून माल वर चढवायला फळी लावतो, तिचा उतार माझ्या अंगात भिनलेला. जोतं साडेतीन फूट, फळी अकरा फूट, झालं काम. ती फळी माल घेऊन धावत चढणाऱ्या गड्यांसाठी असते, हे मी विसरले. शिंपीण म्हणाली, "काकू, ही घसरगुंडी वाटते." मी म्हटलं, "चाळीस वर्षांचा अनुभव आहे माझा," आणि खुर्ची सोडली. अनुभव अंगणातून गेला, फाटकातून गेला, फूटपाथ ओलांडून इस्त्रीवाल्याच्या टेबलावर जाऊन थांबला. लोकांचे तेवीस इस्त्रीचे शर्ट माझ्या अंगावर. चेअरमनने त्याच दुपारी रॅम्प फोडायला लावला, आणि या एका बाबतीत मी त्याला नावं ठेवू शकत नाही. इस्त्रीवाल्याला माझी कोळशाची जुनी इस्त्री द्यावी.

योग्य माप शिंपिणीने सांगितलं, तिच्याकडे ते छापील होतं: एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे आपल्याला बेचाळीस फूट. अंगण जेमतेम पंचवीस. सबब कोपऱ्यात सपाट जागा करून वळवून आणावा लागेल, दोन्ही बाजूंना कठडा. हा कोपरा त्या एकाच कामासाठी मी सोसायटीला देते आहे. त्याचं बक्षीसपत्र आजच वेगळं केलं आहे. मुलाने रागावू नये. तो म्हणाला होता, "आई, तू गेल्यावर रॅम्पचा काय उपयोग?" बाळा, पायऱ्या उतरताना तू हल्ली गुडघा धरतोस. मी खिडकीतून बघते.

कलम पाच. बसबद्दलच्या अर्जांची फाइल, एकतीस अर्ज, त्याच नातीला. तिला माझी जीभ आली आहे आणि वर शुद्धलेखन येतं, म्हणजे मी करू शकले त्याहून जास्त नुकसान ती करू शकते. या मार्गावरच्या बसमध्ये दाराखाली एक लोखंडी फळी असते, ती बाहेर ओढली की खुर्ची आत जाते. चालक सांगतात, गंजली आहे, मागची बस रिकामी आहे, तिच्यात बसा. मागचा तेच सांगतो. एके दिवशी आम्ही दोघींनी खुर्च्या बससमोर लावल्या. कंडक्टर म्हणाला, "आजी, लोकांना उशीर होतोय."

शिंपीण म्हणाली, "आम्ही कोण आहोत मग?"

चालक खाली उतरला, पान्ह्याने दोन ठोके घातले, फळी निघाली. आत त्याची चप्पल आणि झाडू. आता तो थांबतो. बाकीचे सहा थांबत नाहीत. त्यांचे गाडीनंबर फाइलच्या पहिल्या पानावर आहेत. नातीने महिन्यातून एकदा डेपोत जावं आणि हसत बोलावं. मला हसत बोलणं जमलं नाही, म्हणून एकतीस अर्ज लागले.

कलम सहा. हे कलम शिंपिणीबद्दल होतं. आज सकाळी वकील म्हणाला, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, त्याचा वाटा रद्द होतो. मी दुसरा साक्षीदार बघूया म्हटलं.

शिंपीण म्हणाली, "मला काय ठेवलंय?"

सांगितलं.

म्हणाली, "चांगलं आहे. खोडा. मला सही करायचीय."

सबब कलम सहा खोडलं आहे.

कलम सात. मी गेल्यावर मला उचलून न्यायला माझी हरकत नाही. त्या दिवशी मात्र रॅम्प झालेला असला, तर त्याच्यावरूनच न्यावं. खांदे देणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

वर लिहिलेलं सगळं मी वाचून पाहिलं आहे. माफी मागितली आहे तिथे ती खरी आहे, टोमणा मारला आहे तिथे तोही. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. पाय होते तोवर मरायचा विचार शिवला नव्हता.

नोंदणी कचेरी दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. कारकून म्हणाला, दोन माणसं देतो, उचलतील. आम्ही दोघी नको म्हणालो आणि जिन्याच्या तोंडाशी थांबलो. सव्वादोन तासांनी साहेब स्वतः खाली आले, शिक्के आणि वही घेऊन, आणि तिसऱ्या पायरीवर बसले. बसताना त्यांनी आधी रुमालाने पायरी पुसली. मग आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुमच्यासारखे लोक इथे रोज येतात का?"

शिंपीण म्हणाली, "येत असतील. तुम्ही वर असता."

(सही)
गवंडीणबाई. अंगठा चालेल म्हणाले होते, मी सही केली.

साक्षीदार एक: शिंपीण, समोरचं घर. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली. मी बसने आले, तिसऱ्या.

साक्षीदार दोन: डॉक्टरीण. लिहून देणारी पूर्ण शुद्धीत आहे. माझी वजाबाकी तपासून घेतली आहे.

ठिकाण: नोंदणी कचेरीच्या जिन्याखाली, फूटपाथला लागून.

दिनांक: ७ नोव्हेंबर २०२२, सोमवार. रविवारच्या मिटिंगला सहा दिवस आहेत. आता घरी जायचं आहे. उचलणाऱ्या दोघांना पाचची वेळ दिली आहे.