गुरुवारच्या शिबिरातली सुई

९ डिसें., मंगळ.

सकाळी गावात भोंगा फिरला. गुरुवारी मंदिराच्या सभामंडपात शिबिर, साठीच्या वरच्यांले फ्लूची अन् न्यूमोनियाची लस फुकट. फुकट काऊन? अन् म्हाताऱ्यांलेच काऊन? जन्म गेला एस.टी.त कंडक्टरकीत. फुकट पासवाल्याचं कार्ड दोनदा पाहे मी. हे तं सुईच टोचणार.

सौ. म्हणते, "मी घेतो."

मागच्या हिवाळ्यात ती न्यूमोनियानं वर्ध्याले दवाखान्यात भरती होती. नाकाले नळी. घरी सोडताना डॉक्टर म्हणे, "लस देऊन टाका, म्हणजे भरती व्हायची पाळी सहसा येत नाई." सहसा! म्हणजे खात्री त्यालेही नाई. पण तो हिवाळा आठवला की धस्स होते. तिले काही झालं तं मी...

"पाहू," म्हटलं.

११, गुरु.

गेलो दोघं. आमची मोठी बहीण गयाबाई रांगेत सगळ्यांच्या पुढं. सुई घेतली, बाहेर आली अन् मंदिराच्या पायरीवर धाडकन कोसळली. डोळे पांढरे. एकच गोंधळ.

सौ.चा नंबर आलाच होता. दंड धरून बाहेर काढली. "अवो, लोकं पाहून राह्यले," म्हणे. पाहू दे. "येडं-बह्याड समजते का आम्हाले?" म्हणून तिथंच वरडलो. अर्धी रांग पांगली. बरंच झालं.

गयाबाई थोड्या वेळानं उठून बसली, चहा प्याली. सौ.नं ताट माह्यापुढं सरकवलं अन् आत निघून गेली.

१२, शुक्र.

गयाबाईकडे गेलो. टुणटुणीत! मेथी निवडत बसली होती. शिबिरातली नर्सबाई तिची चौकशी करायले आलती. तिले घेतलं फैलावर. काय टोचलं, शिशी दाखवा.

ती सरळ गयाबाईकडे वळली. विचारलं, "आजी, काल जेवून आलत्या ना?" गयाबाई मेथीकडे पाहून राह्यली.

नर्सबाई गेल्यावर तोंड उघडलं. "मार्गशीर्षातला गुरुवार नव्हता का, भाऊ. उपास. घोटभर पाणीही नाई. घट मांडला, पूजा केली अन् उन्हात जाऊन उभी राह्यलो."

"नर्सबाईनं सुईच्या अगोदर विचारलं असन ना?"

"विचारलं. जेवलो म्हटलं. उपास सांगतला असता तं तिनं परत पाठवलं असतं."

हात् तिच्या! "मग मी वरडत होतो तवा काऊन नाई सांगतलं?"

"तू कोणाचं ऐकतं का?"

विनातिकीट माणूस चेहऱ्यावरून ओळखे मी. सख्खी बहीण नाई ओळखू आली.

१३, शनि.

सौ.ले सांगतलं. म्हणे, "आता काय उपयोग? शिबिर तं गेलं."

"आर्वीले डॉक्टरकडे विकत भेटते."

"विकतच्यावर भरोसा हाय?"

"थोडासा."

हसली. दोन दिवसांनी हसली बापा. सोमवारी जायचं ठरलं. हसता हसता खोकली. थंडीचं असन.

१५, सोम.

आर्वी. दोघांचं हाफ तिकीट. नवा कंडक्टर कार्ड न पाहता फाडते!

डॉक्टरचा फ्रीज पाहून घेतला. शिशीवरची तारीख वाचली. त्यानं वाचू दिली, मग सौ.ची छाती तपासली. "यांना चांगलाच ताप आहे. छातीत घरघर आहे. आज लस नाही. गोळ्या देतो, ताप उतरला की आणा. दम लागला तर थेट वर्ध्याला न्या, वाट पाहू नका."

"गुरुवारी घेतली असती तं?"

"लस अंगात भिनायलाही वेळ लागतो, दादा. पण सुरुवात झाली असती."

मग मलेच म्हणे, बसा. तुमचंही वय झालं, घरात तुमच्याकडून यांना काही लागायला नको. मी सौ.कडे पाह्यलं. "टोचा त्याहिले," म्हणे, "मी पाहतो."

टोचली. दंड दुखून राह्यला, बाकी काही नाई. गेलो तिच्यासाठी, घेऊन आलो मी.

१६, मंगळ.

रात्री उतरला होता ताप. सकाळी परत.

नर्सबाई दारावरून गेली. थांबवलं. शुक्रवारचं बोलणं मनावर घेऊ नका म्हटलं. ती म्हणे, "पांगलेले सगळे तुमच्याच तोंडाकडे पाहून राह्यले, दादा. तुम्ही घेतली म्हणून सांगू का?" सांगा म्हटलं. गावभर सांगा.

सौ. ओसरीवर उन्हात बसली आहे. "कसं वाटते?" विचारलं की "बरं हाय" म्हणते. खरं म्हणते की मले भेव वाटू नाई म्हणून म्हणते? जवळ बसलो की श्वास रोखून धरते, घरघर ऐकू येऊ नाई म्हणून. असा संशय येते. देवा, हा तरी खोटा निघू दे.

वर्ध्याची पिशवी भरली. दोन लुगडी, टॉवेल, डॉक्टरचा कागद. तिले दिसू नाई म्हणून दाराआड ठेवली.

आताच पाह्यलं. तिनं आपला चष्मा आणून त्यात टाकला आहे.