पलंगाखालची भेग

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमची आणि मामींची तब्येत ठीक आहे असं धरूनच चाललो आहे, कारण ती तशी नसती तर मामींचा फोन आलाच असता. (आम्हीही ठीक आहोत. म्हणजे शरीराने. डोक्याबद्दल पुढे लिहितो.)

नोकरीत असताना डोंगर पालथे घालून केलेला भूगर्भाचा नकाशा तुम्ही पाठवलात, फार बरं वाटलं. कॉम्प्युटरवरच्या पृथ्वीच्या गोलावर तो पसरायचा, म्हणजे कुठल्या घराखाली कुठला खडक आहे ते दिसतं, असं तुम्ही कळवलं होतंत. त्याच संध्याकाळी दुकानातलं कापणं-शिवणं आटोपून मी तो पसरला. हिरवा खडक, गुलाबी खडक, मधूनच पिवळी माती. असं कापड मिळालं असतं तर फ्रॉक हातोहात खपले असते. त्यात एक लाल रेघ होती. खुणांच्या कोपऱ्यात तिचा अर्थ पाहिला, तर भ्रंश, म्हणजे जमिनीला गेलेली भेग. रेघेचा माग काढत मी आमच्या गल्लीत आलो, आमच्या इमारतीत शिरलो, आणि मामा, ती नेमकी आमच्या पलंगाखालून जात होती.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खात्री करावी म्हणून गोल कलता करून पाहिला, तर इमारतीच्या मागे भलामोठा सुळका. अख्खा संसार या घरात झाला, पण हा सुळका मी कधी पाहिला नव्हता. खिडकीतून बघितलं तर नेहमीचंच टेकाड आणि त्यावर पाण्याची टाकी. कॉम्प्युटरकडे वळलो, पुन्हा सुळका. (उंची तिप्पट दाखवायची एक सोय असते आणि ती चालू राहिली होती, हे फार उशिरा कळलं. मी गिऱ्हाइकाच्या पँटची उंची न विचारता तिप्पट केली तर चालेल का?)

हे घर मी मेल्यावरच सोडीन, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, तुम्हालाही. तरी घाबरून हिला म्हणालो, घर विकून टाकू. वाटलं होतं ही वाद घालेल. हिने चकार शब्द काढला नाही, उलट दुसऱ्याच दिवशी भांडी कागदात गुंडाळायला घेतली. घर बघायला दातांचे एक डॉक्टर आले. त्यांना मी प्रामाणिकपणे भेग दाखवली. भेगांची त्यांना सवय आहे म्हणाले. सोमवारी सह्या आहेत.

आणि काल सहज चाळा म्हणून तुमचा नकाशा अर्धवट पारदर्शक केला, तर खाली खरी नदी आणि वर तुमची नदी, कोर्टाच्या कचेरीतून वाहणारी. आधी वाटलं, तुमचंच चुकलं. (क्षमा असावी.) मग वाटलं, नदी सरकली. कोर्ट सरकलं असावं, हाही विचार येऊन गेला. मग आठवलं. पहिल्या दिवशी नकाशा मला किंचित तिरका वाटला होता. इतकी वर्षं कापडावर कागदी फर्मा मांडणारा माणूस मी, तिरकं काही दिसलं की हात शिवशिवतात. कोपरा धरून तो मी कॉम्प्युटरच्या पडद्याच्या काठाशी सरळ लावून घेतला होता. तुमची भेग नदीपलीकडे माळावर आहे, मामा. आमच्या पलंगाखाली नुसता हिरवा खडक आहे, ठणठणीत.

म्हणजे घराला काही धोका नाही, आणि सोमवारनंतर ते माझं नाही. भांडी बांधून झाली, पडदे उतरले, आता हिला कुठल्या तोंडाने सांगू? सकाळी गॅलरीत बसून मी बटणं लावतो, खाली शाळेला जाणारी पोरं दिसतात. ती गॅलरी सोडायच्या विचाराने काल मला रडू आलं. काय करावं काही सुचत नाही.

आपला गोंधळलेला भाचा

ता. क. तुम्ही या शास्त्रातले. सोमवारच्या आत हिला फोन करून, भेग आपोआप दुसरीकडे गेली असं काहीतरी शास्त्रीय सांगाल का? माझं नाव मध्ये न आणता. तुमच्या शब्दाबाहेर ती जाणार नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायला हिच्याकडे दिलं होतं, हिने आधी वाचून काढलं. मी नकाशा ओढला तेव्हा ही शेजारीच काज करत बसली होती आणि हिने ते पाहिलं होतं. मग बोलली का नाहीस, असं विचारलं. म्हणाली, "तीन जिने चढून माझे गुडघे गेले, केव्हाची सांगतेय. ते तुम्हाला ऐकू आलं नाही. भेग मात्र लगेच दिसली." हिने पसंत केलेलं नवं घर तळमजल्यावर आहे. तेव्हा मामा, फोन करू नका. सोमवारी मी सही करतो आहे.