सी ड्राइव्ह आणि साडेतीनचा भोंगा

७ सप्टें. ८७, सोम.

काल विसर्जन. घसा पार बसलाय. शीला म्हणाली, "काका, आज तुमचा आवाज छान आहे, असाच ठेवा." वीस वर्षं लूमखात्यात ओरडून बोलायची सवय, मरोळच्या या दहा बाय बाराच्या हापिसात येऊन ती थोडीच जाणार? शीला बोरिवलीची, वय पंचवीस. कॉम्प्युटरमधलं मला जे काय येतं ते सगळं तिने शिकवलेलं. मी त्रेचाळीस. मॅडम म्हटलं की चिडते.

सध्याचं काम: एका दिवाळी अंकाच्या वर्गणीदारांचे पत्ते. दोन हजारांच्या वर. गावाप्रमाणे लावायचे, मग लेबलं छापायची. आज नुसते लावायलाच एक तास दहा मिनिटं. फ्लॉपी आपली खर्र खर्र, खर्र खर्र. देवधर साहेब दोनदा डोकावून गेले. मालक माणूस, बोलणं मोजकं. ठेवून घेतानाच म्हणाले होते, "परब, दिवाळीपर्यंत बघू. जमलं तर कायम." गिरण्यांच्या संपानंतर पाच वर्षांत एवढी आशा कोणी दाखवली नव्हती. तोपर्यंत फ्लॉपीने घात करू नये म्हणजे झालं.

८ सप्टें., मंगळ.

आज जादूच. मशीनमध्ये मेमरीचं एक जादा कार्ड आहे. नकाशांच्या कामासाठी आणलेलं, ते काम गेलं, कार्ड राहिलं. शीला म्हणाली, "मेमरी नुसती बसून आहे काका. तिला डिस्क करू या." एका फाइलीत एक ओळ टाइप केली, मशीन बंद करून परत चालू केलं, आणि ए, बी या दोन फ्लॉप्यांच्या जोडीला एक सी ड्राइव्ह हजर! खोक्यात तशी वस्तूच नाही. पण मशीनला वाटतं आहे, म्हणून आहे. फ्लॉपीवरची यादी सीमध्ये ओतली आणि लावायला सांगितली.

आठ मिनिटं. एक तास दहा मिनिटांचं काम आठ मिनिटांत!

आवाज मात्र अजिबात नाही. तीनदा उठून पाहिलं, बंद तर नाही ना पडलं. लूमचा आवाज थांबला म्हणजे धागा तुटला, हे डोक्यात इतकं बसलंय की शांततेत काम होतं यावर विश्वासच बसत नाही.

नुसती बसून आहे, कामाला लावू या, हे ती सहज बोलून गेली. मला आपलं उगाच बरं वाटलं. मीही पाच वर्षं

(बसस्टॉप आला. घाटकोपर.)

११ सप्टें., शुक्र.

लाईट गेली. दोनच मिनिटं, पण सीमधलं सगळं साफ. शीलाने बजावलं होतं, "फ्लॉपीवर लिहिलेलं राहतं, मेमरीतलं राहत नाही. मधूनमधून फ्लॉपीवर कॉपी करायचं." वीसेक पत्ते गेले. थोडक्यात निभावलं.

मधूनमधून म्हणजे कधी? घड्याळ बघायची मला सवय नाही, जन्म भोंग्यावर गेला. शेजारच्या कारखान्याचा भोंगा होतो अकरा, एक आणि साडेतीनला. ठरवलं: भोंगा झाला की कॉपी. शीला हसली, पण म्हणाली, "चालेल. तुमची सिस्टिम आहे."

१९ सप्टें., शनि.

भोंगा-कॉपी झकास चालू आहे. एकदाही चुकलं नाही.

वत्सला विचारत होती, हा सी म्हणजे नेमकं काय. बायकोला समजावण्याइतकं कठीण काम शीलानेही कधी दिलं नाही. म्हटलं, सामान सगळं माळ्यावर, पण तू फोडणीला बसलीस की मोहरी-हळद मिसळणाच्या डब्यात हाताशी घेतेस ना? तसं. दर वेळी माळ्यावर चढायला नको. तिला पटलं. पोळी उलटत म्हणते, "आणि डबो उपडो झालो तर?"

मालवणच्या बाईला कॉम्प्युटर एका वाक्यात कळला. मला दोन महिने लागले.

१ ऑक्टो., गुरु., खंडेनवमी

वाट लागली. क्रमाने लिहितो, म्हणजे डोकं शांत होईल.

शीला सकाळपासून फोर्टला, अंकवाल्यांच्या हापिसात. जाताना पत्ते बदललेल्यांची पोस्टकार्डं देऊन गेली, तीनशे बारा. शनिवारी सकाळी लेबलं न्यायला माणूस येणार. नऊला बसलो ते एकदाही मान वर केली नाही. हात असा लागला होता की जेवणही टेबलावरच. तीनच्या सुमारास तीनशे बारावं कार्ड संपलं.

मग पूजा. मिलमध्ये खंडेनवमीला आम्ही काय करायचो? पट्टा उतरवायचा, लूम पुसून लख्ख, हार, कुंकू, नारळ. पूजा झाली की मशीनला विश्रांती. इथे आल्यापासून मनात होतं, ज्या मशीनने मला उभं केलं तिची पूजा माझ्या हातून व्हावी. देवधर साहेब चारला येतो म्हणाले होते. मी झेंडूचा हार आणलेला. मशीन बंद केलं, मेन स्विचसुद्धा. कीबोर्डची एकेक कळ पुसली. खोक्याला कुंकू लावलं, हात जोडले. खरंच डोळे भरून आले होते.

शीला पेढे घेऊन आली. हार बघून खूश झाली. मग म्हणाली, "काका, कॉपी केलीत ना?"

मी म्हणालो, भोंगा कुठे झालाय अजून.

आणि ऐकता ऐकताच कळलं. शेजारच्या कारखान्यातही पूजा. सकाळपासून बंद. भोंगा आज झालाच नव्हता. अकराचा नाही, एकचा नाही. तीनशे बारा कार्डं सीमध्ये होती आणि मी स्वतःच्या हाताने, कुंकू लावून

शीला खालच्या आवाजात म्हणाली, "साहेबांना सांगू या लाईट गेली. मरोळला रोज जाते, कोण विचारणार?" माझ्यासाठीच म्हणत होती बिचारी. मीही हो म्हणालो. चार वाजेपर्यंत माझं होच होतं.

साहेब आले. हार बघितला, चप्पल बाहेर काढून आत आले, मशीनला नमस्कार केला. ते बघितलं आणि माझ्याच्याने होईना. म्हटलं, "साहेब, लाईट गेली नाही. मी घालवली. आजचं सगळं काम गेलं." आणि आवाज अर्थात लूमखात्यातला. जिन्यापर्यंत ऐकू गेला असेल.

साहेबांनी हातातला पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. म्हणाले, "किल्ली शीलाकडे राहू दे." आणि गेले. हापिसाची किल्ली रोज माझ्याकडे असते.

घरी वत्सलाने ताट वाढलं. जेववेना. सगळं सांगितलं. म्हणाली, "झालो मगे डबो उपडो." मग माझ्याकडे बघून, "जेवा आता. उद्या मी येतंय तुमच्यावांगडा. कार्डां मी वाचतंय, तुमी बडवा."

२ ऑक्टो., शुक्र., दसरा

पूजेचं हत्यार दसऱ्याला चालवायचं म्हणजे जिवावर आलं. हात जोडून माफी मागितली. हार बाजूला घेताना शीला म्हणाली, "देवाला सगळं कळतं काका. शनिवार सकाळसुद्धा." सणाचं घर सोडून बोरिवलीहून आली पोरगी. आईने श्रीखंडाचा डबा दिलेला, शिवाय आपट्याची पानं. आधी तिघांनी सोनं वाटलं, मग बसलो.

वत्सला वाचते, मी टाइप करतो, शीला तपासते. वत्सलाने पहिल्याच कार्डाला विचारलं, "तो तुमचो भोंगो आज वाजतलो?" म्हटलं, नाही, सुट्टी. "मगे भोंगो मी." आणि दर वीस कार्डांनी "कॉपी!" अशी आरोळी, की शीला प्रत्येक वेळी दचकायची. माझ्या आवाजाला नावं ठेवणारी पोरगी वत्सलापुढे गप्प झाली.

मधेच वत्सला थांबली. देवरुखच्या एका निवृत्त मास्तरांचं कार्ड. मुलाकडे राहायला गेलेत म्हणून पत्ता बदललाय, आणि खाली बारीक अक्षरात: "दिसतं कमी. पण सूनबाई वाचून दाखवते. अंक चुकवू नये." वत्सलाने ते दोनदा वाचलं. काल ह्या कार्डावरून माझी बोटं गेली होती, पत्ता तेवढा उचलला होता, खालची ओळ दिसलीही नव्हती.

सव्वातीनला तीनशे बारा पुरी. दोन फ्लॉप्यांवर कॉपी. एक शीलाच्या पर्समध्ये, एक वत्सलाच्या पिशवीत, श्रीखंडाच्या डब्याशेजारी.

या दोघींचं मी काय करू? आभार मानले तर दोघी हसतील. इथे लिहून ठेवतो. माझ्यासारख्या तापट, बहिऱ्यासारखं ओरडणाऱ्या माणसाच्या नशिबात एवढी चांगली माणसं का आली, कळत नाही. पण आली.

३ ऑक्टो., शनि.

लेबलं गेली. वेळेवर. साहेब माणसाबरोबर खाली टेम्पोपर्यंत गेले, वर आले, टेबलाशी उभे राहिले. म्हणाले, "लाईट गेली म्हणाला असतात तर मी मानलं असतं." मी म्हटलं, हो साहेब. ते म्हणाले, "हं."

हं म्हणजे काय, हे तपासायला कोणाकडे पाठवू?

१९ ऑक्टो., सोम.

संध्याकाळी घरी आलो तर वत्सला दारातच. पोस्टाने दिवाळी अंक आलाय. आम्ही वर्गणी भरलेली नाही. वेष्टनावर आमचंच लेबल, आमच्याच प्रिंटरचं, ठिपक्या-ठिपक्यांचं. माझं नाव. त्याखाली: कॉम्प्युटर ऑपरेटर. त्याखाली असल्फा, घाटकोपर.

वत्सलाने वाचायला लावलं. मोठ्याने. शेजारच्या खोलीपर्यंत.

२० ऑक्टो., मंगळ.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. शीलाला गाठलं. शपथेवर सांगते, "मी नाही काका. यादी त्या शनिवारी छापली तेव्हा तुमचं नाव नव्हतं."

"मग? साहेबांना टाइप येतं?"

"एका बोटाने येतं."

साहेब दिवसभर बाहेर. पाचला आले, पेढ्यांचा बॉक्स सगळ्यांपुढे फिरवला. माझ्यापुढे जरा जास्त वेळ धरला, की मलाच वाटलं. "सोमवारी या. बोलू," एवढंच. दिवाळीपर्यंत बघू म्हणाले होते, दिवाळी तर आली.

साहेब गेल्यावर सीमध्ये काही राहिलं नाही ना ते बघितलं, फ्लॉपी काढली, मग मशीन बंद केलं. भोंगा कधीच होऊन गेला होता.

लेबल वाफेवर धरून वत्सलाने अलगद सोडवलं. ते या पानावर चिकटवतो. सोमवारी साहेब काहीही म्हणोत, एवढं तरी मेमरीत नाही, कागदावर आहे.